शनिवार-रविवार दुसऱ्या घरी जाणाऱ्या मुलाचं इन्सुलिन: सावत्र आई किंवा वडील लक्ष देत नसतील तर काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

रविवारी संध्याकाळी मुलगी तिच्या बाबाकडून परत आली, मी बॅग उघडली, मीटर काढलं आणि बटण दाबून मागची रीडिंग बघत गेले. शुक्रवारी रात्री ९:१० ला १६४. त्यानंतर थेट रविवारी दुपारी ४:४० ला ४१२. मधे एकही रीडिंग नाही. मुलीला टाइप १ डायबेटिस आहे, तेव्हा ती ८ वर्षांची होती, आणि तिकडे तिचं सगळं बघायचं काम तिच्या बाबाच्या दुसऱ्या बायकोकडे होतं, तिला ती मावशी म्हणते.

त्या रात्री मी सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी बाबाला लांबलचक मेसेज टाकले, त्यात मावशीला नाही नाही ते बोलले, मग पुढची भेट रद्द म्हणून कळवलं, आणि डॉक्टरांकडे गेले चार दिवसांनी. कोर्टात हेच मेसेज माझ्यासमोर आले आणि विषय मुलीच्या शुगरचा न राहता "आई भेटू देत नाही" असा झाला. ते सरळ करायला जवळजवळ वर्ष गेलं. तेव्हापासून हाच प्रश्न घेऊन बऱ्याच आया आणि काही बाबा माझ्याशी बोललेत आणि जवळपास सगळ्यांनी हीच चूक केलेली असते, म्हणून हे नीट क्रमाने लिहितेय. उदाहरण टाइप १ चं घेतलंय कारण ते मी रोज जगते, पण दमा असो, फिट येत असो किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असो, क्रम हाच राहतो, फक्त डॉक्टरांचा कागद बदलतो.

टप्पा ० : मूल आत्ता ठीक आहे का?

भांडण, वकील, मेसेज सगळं नंतर. मूल परत आलं की हातपाय धुवून आधी शुगर बघा.

शुगर ७० च्या खाली असेल तर लो. लगेच साखर, ग्लुकोज पावडर किंवा साखरेचं पाणी, साधारण १० ते १५ ग्रॅम म्हणजे सपाट दोन ते तीन चमचे (मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टर आकडा देतात), मग १५ मिनिटांनी परत चेक. चॉकलेट, बिस्कीट, पोळी यांनी लवकर चढत नाही, ते नंतर. मूल बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, डॉक्टरांनी ग्लुकागॉन (शुगर पटकन वर आणणारं इंजेक्शन) दिलेलं असेल तर ते टोचायचं आणि १०८ ला फोन.

शुगर २५० च्या वर असेल आणि खाली येत नसेल, किंवा मूल आजारी वाटत असेल तर पट्टीने कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारं आम्ल) बघा. उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात खोल श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी, यातलं काहीही असेल तर घरी थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल. इन्सुलिन चुकल्यामुळे होणारा, रक्तात आम्ल वाढवणारा कीटोअ‍ॅसिडोसिस काही तासांत जिवावर येतो, तिथे "सकाळी बघू" चालत नाही.

⚠️ हॉस्पिटलमध्ये डॉक्टर विचारतात काय झालं. तेव्हा "त्या बाईने उपाशी ठेवलं" असं सांगू नका. सांगायचं ते एवढंच: शेवटचं इन्सुलिन कधी दिलं ते माहीत आहे की नाही, शेवटचं रीडिंग किती आणि कधीचं, मूल कुठून कधी परत आलं. हे केसपेपरवर जसंच्या तसं उतरतं आणि पुढे तोच तुमचा सगळ्यात भक्कम कागद असतो. पॅसेजमध्ये एक्सशी भांडू नका, मूल सगळं ऐकत असतं.

टप्पा १ : डॉक्टरांकडून एक पान लिहून घ्या

इथूनच सुरुवात करायची आणि इथेच लोक चुकतात. तुम्ही तोंडी सांगितलेलं सगळं समोरच्या घरात "तिच्या आईची कटकट" होतं. तेच डॉक्टरांच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याने आलं की ती सूचना होते. प्रिस्क्रिप्शन पुरत नाही कारण त्यावर औषधाचं नाव आणि युनिट असतात, बाकी काही नसतं. वेगळी अपॉइंटमेंट घ्या आणि मराठीत, एकाच पानावर, एवढं मागा:

1. लांब चालणारं इन्सुलिन कुठलं, किती युनिट, किती वाजता. पुढे ठळक अक्षरात: मूल जेवलं नाही, आजारी पडलं तरी डॉक्टरांना न विचारता हे बंद करायचं नाही.
2. जेवणाचं इन्सुलिन कुठलं, जेवणाआधी किती मिनिटं, डोस कसा ठरवायचा.
3. शुगर किती वेळा आणि कधी बघायची. रात्री झोपताना नक्की.
4. लो झाल्यावर काय, हाय गेल्यावर काय, आकड्यांसकट.
5. कधी फोन करायचा आणि कधी सरळ हॉस्पिटल गाठायचं.
6. एक वाक्य: इन्सुलिनला पर्याय नाही, त्याच्या जागी कुठलाही काढा, रस, चूर्ण द्यायचं नाही.

सहावा मुद्दा हट्टाने लिहून घ्या. दुर्लक्ष होतं त्यातल्या बऱ्याच घरांत मुळात दुष्टपणा नसतो, तिथे कुणीतरी मनापासून मानतं की इन्सुलिनची सवय लागते, लहान पोराला रोज टोचणं पाप आहे, कारल्याचा रस आणि मेथीचं पाणी दिलं की उतरेल. आजोबांच्या टाइप २ वर गोळी आणि पथ्याने भागलं म्हणून नातीचंही भागेल असं वाटतं. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, बाहेरून दिलं नाही तर मूल जगत नाही. हे वाक्य तुम्ही म्हणालात तर धमकी वाटते, डॉक्टरांच्या कागदावर असलं तर वाटत नाही.

✔ चेक: पानावर तारीख आहे का? डोस बदलला की पान बदलायचं. जुनं पान तिकडे राहिलं आणि त्याप्रमाणे जुना डोस दिला गेला तर चूक तुमची धरली जाईल आणि ते बरोबरच आहे.

टप्पा २ : बॅग

दोन घरांत मिळून एकच किट फिरवत असाल तर थांबा. जमत असेल तर मीटर, पट्ट्या, सुया, ग्लुकोज हे दोन्ही घरी वेगवेगळं ठेवा, फक्त इन्सुलिन आणि कागद बॅगेतून जाऊ दे. ते परवडत नसेल (पट्ट्या स्वस्त नाहीत, मला माहितीय) तर पिशवीच्या झाकणाला आतून यादी चिकटवा: दोन्ही इन्सुलिन, सुया, मीटर, मोजलेल्या पट्ट्या, लॅन्सेट (बोटाला टोचायची सुई), कीटोन पट्ट्या, ग्लुकोजचा डबा, डॉक्टरांचं पान, मेडिक्लेम कार्डाची झेरॉक्स, डॉक्टरांचा नंबर.

यात तीन चुका वारंवार होतात आणि तिन्ही जिवावर येऊ शकतात.

पहिली, फ्रीझर. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला ठेवायचं असतं, फ्रीझरमध्ये नाही. माझ्या मुलीचं पेन मावशीने बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवलं होतं, "थंड ठेवायचं सांगितलं होतं ना" म्हणून, आणि तिचं खरंच होतं, मी तेवढंच सांगितलं होतं. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर बघून कळत नाही, दिसायला तसंच असतं पण काम करत नाही, फेकूनच द्यावं लागतं. चालू असलेलं पेन बहुतेक प्रकारांत थंड, सावलीच्या जागी बाहेर ठेवून साधारण २८ दिवस चालतं (तुमच्या बॉक्सवरचे दिवस बघा). विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात फ्रीज नसेल तर मातीच्या मडक्यात पाणी आणि आत डब्यात इन्सुलिन. एसटीत किंवा गाडीत बॅग डिकीत टाकायची नाही.

दुसरी, सिरिंज. आपल्याकडे वायल (इन्सुलिनची बाटली) बहुतेक ४० ची असते, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट, आणि पेनचं कार्ट्रिज (पेनमधली नळी) १०० चं. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलं तर मुलाला १० नाही, २५ युनिट जातात. उलट केलं, म्हणजे ४० ची वायल आणि केशरी सिरिंज, तर १० च्या जागी ४ जातात. तिकडे वायल वापरत असतील तर जुळणारी सिरिंज तुम्हीच द्या आणि दुसरी घरात राहू देऊ नका.

तिसरी, साखर मोठ्यांच्या ताब्यात. ग्लुकोज बॅगेत एक आणि मुलाच्या खिशात एक, कायम. लो झाल्यावर मुलाने साखरेसाठी कुणाची परवानगी मागायची वेळच येता कामा नये. माझ्या मुलीने एकदा सांगितलं की रात्री हात थरथरत होते पण स्वयंपाकघरात न विचारता डबा उघडला की मावशी रागावते म्हणून ती तशीच पडून राहिली. तेव्हापासून तिच्या फ्रॉकला, नाइट ड्रेसला, सगळ्याला मी खिसा शिवून घेते.

✔ चेक: मीटरचं घड्याळ आणि तारीख बरोबर लावलीय का? सेल बदलल्यावर बऱ्याच मीटरची तारीख बिघडते. तारीख चुकीची असेल तर पुढे त्या रीडिंगचा पुरावा म्हणून काही उपयोग नाही.

टप्पा ३ : शिकवायचं, आणि तुम्ही शिकवायचं नाही

सावत्र आई किंवा सावत्र वडील हे तुमच्याकडून शिकणार नाहीत, ही अपेक्षाच सोडा. तुम्ही त्या घरातल्या आधीच्या बाई किंवा आधीचे नवरोबा आहात, तुमच्या तोंडून निघालेली सूचना टोमण्यासारखीच ऐकू जाते, कितीही गोड बोला. डायबेटिस एज्युकेटर किंवा बालरोग विभागातल्या सिस्टर हे शिकवतात, सरकारी मेडिकल कॉलेजातही विचारा. अपॉइंटमेंट मुलाच्या खऱ्या आई किंवा वडिलांच्या नावाने ठरवा, नवीन जोडीदाराला सोबत न्यायला त्यांनाच सांगू दे. त्या दिवशी तुम्ही जाऊ नका. मला फार जायचं होतं, नाही गेले, आणि मावशीने पहिल्यांदा प्रश्न विचारले ते मी समोर नव्हते म्हणून.

शिकून झाल्यावर एज्युकेटरकडून एक ओळ लिहून घ्यायला सांगा: अमुक तारखेला अमुक व्यक्तीला इंजेक्शन, शुगर बघणं आणि लो-हाय सांभाळणं समजावलं. पुढे कोर्टात "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" हे त्या एका ओळीने बंद होतं.

सणावाराचं वेगळं बोलायला लावा, कारण साध्या दिवशी नीट करणारी घरं सणाला चुकतात. गौरी-गणपतीचं जेवण घ्या. बाराला जेवायचं म्हणून पावणेबाराला मुलाला इंजेक्शन दिलं, मग आरती लांबली, कुणीतरी यायचे राहिले, नैवेद्य दाखवल्याशिवाय पान वाढायचं नाही, आणि दीड वाजला. इन्सुलिन आपलं काम करत बसलेलं असतं, पोटात अन्न नाही, आणि मूल आरतीत टाळ्या वाजवता वाजवता घामाघूम होतं. सगळ्यांना वाटतं उकडतंय. यावर उपाय साधा आहे: पान वाढलेलं डोळ्यांना दिसल्यावरच जेवणाचं इंजेक्शन, किंवा मुलाला आधी वाढायचं, देवाला राग येणार नाही. मोदक चालतो, मोजून आणि त्याचा डोस घेऊन. "तुला डायबेटिस आहे ना, तुला नाही मिळणार" असं म्हणून ताटातून उचलायचा नाही, मग मूल चोरून खातं आणि डोस घेत नाही. उपवास करायला लावायचा नाही, आणि साबुदाणा खिचडी म्हणजे हलकं काहीतरी असा समज असेल तर तोही काढून टाका, ती शुगर चांगलीच चढवते.

टप्पा ४ : कोणाशी बोलायचं

फक्त मुलाच्या खऱ्या आई किंवा वडिलांशी. सावत्र आई-वडिलांना थेट मेसेज नाही, फोन नाही.

याला कायद्याचाही आधार आहे. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियम १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक कोण ते दिलंय आणि तिथेच स्पष्टीकरणात म्हटलंय की "वडील" आणि "आई" यात सावत्र वडील आणि सावत्र आई येत नाहीत. हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन, शिखांनाही लागू आहे. म्हणजे भेटीच्या दिवसांत मूल ज्या खऱ्या पालकाकडे सोपवलंय, उत्तर त्यानेच द्यायचं. "मी कामावर होतो, हिने बघायचं होतं" हे उत्तर होत नाही. बहुतेक घरांत खरा घोळ हाच असतो: बाबा मूल मागून घेतो आणि इंजेक्शनचं काम नव्या बायकोवर टाकून बाहेर जातो, आणि राग मात्र आपण तिच्यावर काढतो.

मेसेज कसा नको: "तुझ्या बायकोला माझ्या मुलीचं काही पडलेलंच नाही, तिला मारायचंय का तुम्हाला?"

मेसेज कसा हवा: "शनिवार १४ तारखेला रात्री ९ पासून रविवारी सकाळी ९ पर्यंत मीटरमध्ये रीडिंग नाही. रविवारी ९ ला ३४२. शनिवारी रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन दिलं होतं का, किती वाजता? डॉक्टरांच्या पानाचा फोटो परत पाठवतेय. पुढच्या भेटीत झोपताना आणि सकाळी रीडिंगचा फोटो टाक."

आकडा, प्रश्न, कागद, मागणी. विशेषण एकही नाही. एका मेसेजमध्ये एकच प्रसंग. रात्री अकरानंतर पाठवू नका, लिहून ठेवा आणि सकाळी परत वाचून पाठवा. उत्तर आलं नाही तर तिसऱ्या दिवशी तोच प्रश्न एकदाच परत विचारा आणि थांबा. उत्तर न येणं हीसुद्धा नोंद असते.

याच टप्प्यात अजून एक गोष्ट करा, ऐकून बऱ्याच जणांना राग येतो. सावत्र पालकाच्या नावाने एक अधिकारपत्र द्या: तातडीच्या वेळी आम्ही दोघं पोचेपर्यंत यांनी मुलाला हॉस्पिटलमध्ये न्यावं आणि उपचार सुरू करू द्यावेत, खाली दोन्ही पालकांच्या सह्या. अगदी जिवावर बेतलं तर डॉक्टर कागदासाठी थांबत नाहीत, पण त्या आधीच्या अर्ध्या तासात "आपण नेलं तर उद्या तिची आई आपल्यावरच केस करेल" या भीतीने मूल घरीच ठेवलं जातं. ती भीती काढणं तुमच्या हातात आहे.

टप्पा ५ : नोंद

साधी वही घ्या, पानं नंबर घातलेली. प्रत्येक भेटीला एक पान.

• जाताना: तारीख, वेळ, शुगर, पेनमध्ये किती युनिट शिल्लक, किती पट्ट्या दिल्या.
• येताना: तारीख, वेळ, शुगर, युनिट शिल्लक, पट्ट्या शिल्लक, मूल कसं होतं.

२० पट्ट्या देऊन १९ परत आल्या, पेनमधली युनिट जाताना आणि येताना सारखीच, मग पुढे कुणी काही बोलायची गरजच राहत नाही. मीटरच्या स्क्रीनचा तारखेसकट फोटो काढा, त्याच दिवशी. दंडावर लावायचा, सतत शुगर दाखवणारा सेन्सर परवडत असेल तर बरंच सोपं होतं, फोनवर दोन्ही पालकांना एकाच वेळी दिसतं आणि वादाचा अर्धा भाग संपतो. दर तीन महिन्यांचा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) रिपोर्ट वहीला स्टेपल करत जा.

हॉस्पिटलची कागदपत्रं लेखी अर्ज करून मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे अर्ज दिल्यावर ७२ तासांत रेकॉर्डची प्रत द्यायची असते, हे काउंटरवर शांतपणे सांगितलं की काम होतं.

⚠️ चॅट डिलीट करू नका, फोन विकू नका. स्क्रीनशॉट कोर्टात द्यायचा तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते वकील करून घेतात, पण मूळ मेसेज फोनमध्ये असायला हवा.

⚠️ चांगल्या भेटीही लिहा. ज्या वहीत फक्त तक्रारीच आहेत ती वही कुणी मनावर घेत नाही. माझ्या वहीत "आज सगळी रीडिंग आहेत, मावशीने रात्री २ ला उठून चेक केलंय" अशी दोन पानं होती आणि बाकीच्या पानांवर विश्वास बसला तो त्या दोन पानांमुळे.

टप्पा ६ : मुलाशी काय बोलायचं, काय नाही

मुलाला साक्षीदार करू नका. परत आल्या आल्या "तिने इंजेक्शन दिलं का, काय म्हणाली, बाबा कुठे होता" अशी उलटतपासणी सुरू झाली की मूल दोन वेळा खोटं बोलायला शिकतं, एकदा तिकडे आणि एकदा इकडे. शाळेतून आल्यावर जे विचारता तेच विचारा, शुगर कशी होती, काय खाल्लं. बाकी वही आणि मीटर सांगतं. मुलाला समोर बसवून व्हिडिओ करणं तर अजिबात नाही, पढवलंय असा संशय येतो आणि त्या लेकराच्या मनावर जो ताण येतो तो वेगळाच.

त्याऐवजी तीन वाक्यं पाठ करून घ्या, मोठ्याने म्हणायला लावा: "मला लो वाटतंय, मी साखर खातेय." "माझं इंजेक्शन राहिलंय." "मला आईला फोन करायचाय." तिसऱ्या वाक्यासाठी तिकडच्या घरात फोन मिळेल ना, हे बाबाकडून आधी लेखी घ्या.

आणि मुलासमोर सावत्र आईला नावं ठेवू नका. तिच्या हातून इंजेक्शन घ्यायचंय त्या मुलाला.

टप्पा ७ : वकील आणि कोर्ट

दोन-तीन भेटी झाल्या, डॉक्टरांचं पान दिलंय, ट्रेनिंग ठरवलंय, मेसेज गेलेत आणि तरी तेच चाललंय, तर आता. याआधी नाही आणि यापेक्षा उशिराही नाही.

आधी जुना आदेश किंवा परस्पर संमतीच्या घटस्फोटातल्या कन्सेंट टर्म्स (दोघांनी सह्या करून मान्य केलेल्या अटी) काढून वाचा. बहुतेक ठिकाणी भेटीचे वार, वेळ, दिवाळीची-मेची सुट्टी सगळं असतं आणि औषधाबद्दल एक ओळ नसते. ती ओळ घालून घ्यायचीय. वकिलाला कच्चा मसुदा असा द्या:

"भेटीच्या काळात मुलीला डॉक्टरांच्या चालू लेखी योजनेप्रमाणे इन्सुलिन देणं आणि शुगर तपासणं ही वडिलांची वैयक्तिक जबाबदारी राहील. दुसऱ्या व्यक्तीकडे हे काम द्यायचं असल्यास त्या व्यक्तीने आधी प्रशिक्षण घेतलेलं असेल. रोज झोपताना व सकाळी रीडिंग आईला कळवलं जाईल. डोस वगळल्यास किंवा रुग्णालयात न्यावं लागल्यास तत्काळ फोन केला जाईल."

दोन्ही बाजू तयार असतील तर हे संमतीने दाखल होतं. नसतील तर हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोट झाला असेल तर कलम २६ खाली ताब्याचे आणि भेटीचे आदेश नंतरही बदलून मागता येतात, आणि पालक व पाल्य अधिनियम १८९० सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे, त्यात कलम १२ खाली तात्पुरता आदेश मागता येतो. फॅमिली कोर्ट असलेल्या शहरात तिथे, नसेल तर जिल्हा न्यायालयात. कोर्ट बघतं ते मुलाचं हित, १९५६ च्या कायद्याचं कलम १३ तेच सांगतं, त्यामुळे अर्जात सावत्र आईचा स्वभाव लिहीत बसू नका, मुलाची शुगर लिहा.

वकिलाची फी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बायका आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

काय मागायचं? इथे माझं स्पष्ट मत आहे: "भेटच बंद करा" असं आधी मागू नका. ट्रेनिंग होईपर्यंत फक्त दिवसा भेट, रात्री मुक्काम नाही, रीडिंग कळवणं सक्तीचं, एवढं मागा. ते मिळायला सोपं जातं, मुलाला बाबाही राहतो, आणि तेही पाळलं नाही तर पुढच्या अर्जाला वजन येतं.

⚠️ आदेश असताना स्वतःच्या मनाने भेट थांबवू नका, मी केलेली चूक हीच. खरोखर धोका असेल, मूल अ‍ॅडमिट असेल किंवा डॉक्टरांनी पाठवू नका असं लिहून दिलं असेल तर पाठवू नका, पण त्याच दिवशी कारणासकट लेखी कळवा, डॉक्टरांचा कागद जोडा आणि कोर्ट उघडल्या दिवशी अर्ज टाका.

⚠️ १०९८ चाइल्डलाइन आणि बालकल्याण समिती यांच्याकडे जायची वेळ म्हणजे मूल आत्ता तिथे आहे, इन्सुलिन मुद्दाम दिलं जात नाहीये आणि खरा पालक फोन उचलत नाही. मूल ताब्यात असताना त्याची जाणूनबुजून हेळसांड करणं हा बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गरज असेल तेव्हा क्षणभरही मागेपुढे बघू नका, पण फ्रीझरमध्ये ठेवलेल्या पेनसाठी हे वापरू नका.

तुमच्याच घरात असं होत असेल तर

थोडक्यात सांगते कारण हे विचारायला लोक लाजतात. दुर्लक्ष करणारा तुमचा नवा नवरा किंवा नवी बायको असेल तर वरचा सगळा क्रम तुम्हालाच लागू आहे, उत्तर तुम्हीच द्यायचंय. ट्रेनिंग होईपर्यंत मुलाला एकटं त्यांच्यावर सोडून जाऊ नका, इंजेक्शनच्या वेळा स्वतःकडे ठेवा, कामावरून व्हिडिओ कॉल लावून मुलाचं रीडिंग बघा. आणि मुलाच्या दुसऱ्या पालकाने प्रश्न विचारला तर चिडू नका, रीडिंग पाठवा.

आदेश मिळाल्यावरचा पहिला शनिवार

आदेशाची एक प्रत आणि डॉक्टरांचं नवीन पान एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून बॅगेत. पट्ट्या समोरासमोर मोजून द्या, दोघांनीही वहीत सही करायची. सूचना परत सुरू करू नका, पान आहे त्यात. रात्री रीडिंग आलं की "मिळालं" एवढंच उत्तर द्या, आकडा थोडा वर असला तरी, टाइप १ मध्ये तुमच्या घरीही तो वर जातोच. आमच्याकडे पहिल्या शनिवारी रात्री ९:२० ला फोटो आला, १८७, आणि फोटो बाबाच्या नाही, मावशीच्या फोनवरून आला होता.